डोळे मिचकवा म्हणते मशीन : वेबसाईट-ॲपवरच्या कोर्टकेसेस अन् आपलं गाव

सेतूवाला_दारव्हा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. अमेरिकेत गिलर्मो रोबल्स नावाच्या एका अंध माणसानं डॉमिनोजवर केस केली होती, ती भानगड परत वाचण्यात आली अन् डोक्यातून जाऊनच नाही राहिली म्हणून धागा काढतो. २०१६ ची केस. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते लावून त्याले साईटवरून अन् ॲपवरून आपल्या आवडीचा पिझ्झा मागवता येत नव्हता. कंपनी म्हणे आमचा फोन नंबर आहे ना, त्यावर करा. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या अपिलाच्या कोर्टानं सांगितलं की अपंगांसाठीचा १९९० चा कायदा या साईटले अन् ॲपलेही लागू होते. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, तिथं ऑक्टोबरमध्ये अपील ऐकायलेच नकार. मंग २०२१ मध्ये खालच्या कोर्टानं रोबल्सच्या बाजूनं निकाल देल्ला अन् हातात किती पडले, तर चार हजार डॉलर. पाच वर्षं भांडून.

आता आपलं. माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, केवायसी, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळं करतो. माझा मावसभाऊ जन्मापासून पाहू शकत नाही, अमरावतीले शिकला, बी.ए. झाला, फोन असा चालवते की त्याच्या टॉकबॅकचा, म्हणजे अँड्रॉईड फोनातल्या स्क्रीन रीडरचा, आवाज ऐकून आपल्याले वाटन टेप अडकली. व्हॉट्सॲप, बातम्या, रेल्वेचं पाहणं, सगळं स्वतः. पण केवायसीची वेळ आली की माझ्या दुकानात. काहून, तर ॲप म्हणते चेहरा गोलात आणा. कोणता गोल? मंग म्हणते डोळे मिचकवा. त्याचे डोळे मिचकतच नाहीत नीट, अन् मिचकले तरी पडदा हिरवा झाला का लाल हे त्याले कोण सांगन? मी फोन धरतो, मान इकडं कर तिकडं कर म्हणतो, मागं दहा लोक लायनीत उभे राहून पाहतात.

अन् एक गोष्ट स्पष्टच बोलतो. त्याचा ओटीपी मी टाकतो, पिन मले माहीत, खात्यात किती आहेत ते माहीत. तो भाऊ आहे म्हणून ठीक. पण असे लय लोक आहेत माझ्याकडे, त्यातले काही तर नुसते म्हातारे आहेत, मोतीबिंदूवाले. साईट धड नसल्या की माझं दुकान चालते, हे मी लपवत नाही.

तर प्रश्न असा की केस करून काही होते का? का अमेरिकेसारखं फक्त वकिलाईचं पोट भरते? अन् आपल्याकडं असा कायदा आहे का?

---

बोंडअळी

सेतूवाले भाऊ, तुमाले कामधंदे नाही का गा? इथं लाईन रात्री तीन वाजता येते, टॉवर पावसाले घाबरते, अन् तुमी पिझ्झ्याची केस घेऊन बसले. मी डोळस हाय तरी मले बी थे साईट उघडत नाई. मंग मी बी केस करू का?

---

सेतूवाला_दारव्हा

@बोंडअळी, साईट उघडत नाही तेव्हा सगळ्याईलेच उघडत नाही. माझा प्रश्न उघडल्यावरचा आहे.

---

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

चांगला धागा. मी नागपूरला प्रॅक्टिस करतो, या विषयातला तज्ज्ञ नाही पण बऱ्यापैकी वाचलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

अमेरिकेचा कायदा अन् आपला यात मोठा फरक पैशाचा आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात खाजगी दुकानावर केस केली तर तक्रारदाराला नुकसानभरपाई मिळतच नाही, कोर्ट फक्त सुधारणा करा म्हणून आदेश देते अन् हरलेल्या कंपनीला समोरच्या वकिलाची फी भरावी लागते. रोबल्सला मिळालेले चार हजार कॅलिफोर्नियाच्या वेगळ्या राज्य कायद्यातले, त्यात प्रत्येक उल्लंघनाला किमान तेवढे ठरलेले आहेत. आता फी मिळते म्हटल्यावर काय होणार ते सांगायला नको. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया इथं दरवर्षी हजारोंनी केसेस पडतात, तेच तेच तक्रारदार, तेच तेच वकील, एकाच मसुद्यात कंपनीचं नाव बदलून. बहुतेक कंपन्या कोर्टाची पायरी चढण्याआधीच पैसे देऊन मोकळ्या होतात. त्यातून साईट सुधारते का? कधी सुधारते, कधी नुसता चेक फाटतो.

पण म्हणून सगळंच धंदा होतं असं नाही. २००६ मध्ये तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं टार्गेट या दुकानांच्या साखळीवर केस केली, २००८ मध्ये ६० लाख डॉलरवर मिटली अन् साईटही सुधारून घेतली. त्याच्याही आधी ऑस्ट्रेलियात ब्रूस मॅग्वायर म्हणून अंध गृहस्थ होते, सिडनी ऑलिम्पिकची साईट त्यांना वाचता येत नव्हती. २००० साली मानवी हक्क आयोगानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आयोजकांनी तरी सुधारलं नाही, मग २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. म्हणजे गूगल नवं नवं होतं त्या काळातला हा झगडा आहे, काल निघालेलं फॅड नाही.

आपल्याकडे कायदा आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सगळ्यांना वापरता आला पाहिजे असं स्पष्ट आहे. कलम ४६ म्हणते की सेवा देणाऱ्यांनी, मग ते सरकारी असो की खाजगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायच्या. नियम २०१७ ला आले. म्हणजे मुदत २०१९ लाच संपली ना बे.

---

ऐकून_वाचतो

मी पूर्ण अंध आहे, वाशीम जिल्ह्यात राहतो, एका ऑफिसात नोकरी करतो. हा प्रतिसाद बोलून टाईप करतोय, चुका असतील तर समजून घ्या, "कायदा" म्हटलं की फोन कधी कधी "फायदा" लिहितो अन् मला ते कळेपर्यंत पाठवून झालेलं असतं.

बोंडअळी भाऊंनी विचारलं तसं मलाही नेहमी विचारतात की नेटच नाही तर तुमचं काय वेगळं. वेगळं हे आहे. मी ॲप उघडतो, बोट फिरवतो अन् टॉकबॅक म्हणतो "बटन. बटन. बटन. नाव नसलेलं बटन." चार बटनं. एकावर पैसे पाठवता येतात, एकावर खातं बंद करायचा अर्ज जातो, तुम्ही दाबाल का? डेव्हलपरनं तिथं चित्र टाकलंय पण चित्राला नाव दिलं नाही. हे नाव देणं म्हणजे रॉकेट बनवणं नाही.

दुसरं, कॅप्चा. वाकडी तिकडी अक्षरं, तीही चित्रात. आवाजाचा पर्याय असला तर असतो, तो इंग्रजीत, मागे खरखर, अन् आकडे असे बोलतात की माझ्या सोबतच्या डोळस माणसालाही कळत नाहीत. काही साईटवर बेरीज असते, ती बरी, ती तरी मजकुरात असते.

तिसरं, वेळ. ओटीपी आला की मला मेसेजमध्ये जावं लागतं, ऐकावं लागतं, परत यावं लागतं, रकाना शोधावा लागतो, तोवर "सेशन संपलं". परत पहिल्यापासून. आधार नंबर परत, कॅप्चा परत. डोळस माणूस एका नजरेत जे करतो ते मी एकामागं एक ऐकत करतो, वेळ जास्त लागणारच, त्यात माझा आळस नाही.

अन् मराठीचं एक वेगळंच दुखणं आहे, ते इंग्रजीवाल्यांना माहीतच नाही. सरकारी निर्णय, जाहिराती, याद्या या पीडीएफमध्ये येतात. त्यातल्या निम्म्या म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा काढलेला फोटो. स्क्रीन रीडरला तिथं काहीच दिसत नाही, "रिकामं पान" म्हणतो. बाकीच्या जुन्या फॉन्टात, कृतीदेवसारख्या, जे युनिकोड नाहीत. तुम्हाला पडद्यावर "अनुदान" दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं भरलेली असतात, मला ऐकू येतं ते अक्षरशः स्वल्पविराम, कंस, के, एस, उद्गारचिन्ह. दिव्यांगांच्याच योजनेची जाहिरात मी अशी ऐकली आहे. हसावं की काय करावं.

केवायसीचं सेतूवाले भाऊंनी सांगितलंच. मला घाम येतो त्या "चेहरा चौकटीत ठेवा" ला. खाली किती, वर किती, काही सांगत नाही. एखादं ॲप सांगतं, "थोडं डावीकडे", तेव्हा वाटतं की अरे, म्हणजे हे करता येतं तर.

---

पिंट्या_पांढरकवडा

+१ ऐकून_वाचतो. तो फॉन्टचा मुद्दा आज कळला, आजपर्यंत वाटायचं मराठी म्हणजे मराठी. वाचनखूण साठवली.

---

कोडकरी_वणी

मी वणीचा, नोकरीला पुण्यात, वेब डेव्हलपर. आमच्या बाजूनं सांगतो. साईट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठी जगभर एकच मापदंड वापरतात, डब्ल्यूसीएजी, पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ऑक्टोबर २०२३ ची. आपल्याकडे त्याच धर्तीवर आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. त्यातलं बरंचसं काम सोपं असतं जर सुरुवातीलाच केलं तर. बटनाला नाव, चित्राला वर्णन, फॉर्मच्या रकान्याला लेबल, माऊस न वापरता फक्त कीबोर्डनं सगळं करता येणं, पान मराठीत आहे हे कोडमध्ये एका शब्दात सांगणं, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचायला लागतो. अक्षर अन् मागचा रंग यात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. हे शेवटचं तर मे महिन्यात वावरात उभं राहून फोन पाहणाऱ्या बोंडअळी भाऊंच्याही कामाचं आहे, करड्यावर करडं लिहिलेलं उन्हात कोणाच्या बापाला दिसत नाही.

मग करत का नाहीत? कारण टेंडरमध्ये लिहिलेलं नसतं, अन् लिहिलेलं असलं तरी तपासणारा माणूस डोळस असतो. तो पाहतो, पान सुंदर दिसते, बिल पास. मी स्वतः पाहिलंय की कोणीही एकदाही डोळे मिटून फोन चालवून पाहत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला, टॉकबॅक तर बहुतेक अँड्रॉईड फोनमध्ये आधीपासूनच असतो. चाचणी करायला रुपया लागत नाही.

अन् एक सावधगिरी. केसेसच्या भीतीनं एक शॉर्टकटचा बाजार उभा राहिलाय, साईटवर एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येते अन् एआय सगळं नीट करते म्हणतात. अंध लोकच सांगतात की ते चिन्ह आलं की साईट आणखी बिघडते. ॲक्सेसिबी नावाच्या कंपनीला असेच दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. तेव्हा कोणी विकायला आला तर हाकला.

---

बोंडअळी

उन्हाचं बराबर बोल्ले भाऊ. पण थे अमेरिकेतले केस टाकून पैसे उकळणारे इकडं आले तं? आमच्या इकडं आधीच एक माणूस माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून टाकून पेट्रोलचे पैसे काढते.

---

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

@बोंडअळी, येणार नाहीत, कारण इथं चारा नाही. आपल्या कायद्यात कलम ८९ खाली दंड आहे, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, परत केलं तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. पण तो तक्रारदाराच्या खिशात जात नाही. म्हणजे जो तक्रार करतो तो स्वतःच्या पदरचा वेळ घालून करतो. त्यामुळे आपल्याकडचा धोका उलटा आहे, खोट्या केसेस पडतील हा नाही, खऱ्याही पडणार नाहीत हा.

आता आपल्याकडे कोर्टात काय झालं ते. राजीव रतुरी या अंध गृहस्थांची, सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीची याचिका २००५ ची. त्यात २०२४ च्या ८ नोव्हेंबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं २०१७ च्या नियमांतल्या नियम १५ चा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला. का? कायदा म्हणतो "करावंच लागेल", अन् नियमात जे मानक जोडले होते त्यांचा सूर "केल्यास बरे" असा होता. कोर्टानं तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा म्हणून सांगितलं. याचिका टाकली तेव्हा जन्मलेलं पोट्टं तोवर कॉलेजात पोचलं.

दुसरा निकाल सेतूवाले भाऊंच्या थेट दुकानातला आहे. ३० एप्रिल २०२५, न्यायमूर्ती पारडीवाला अन् महादेवन. दोन याचिका होत्या, एक प्रज्ञा प्रसून यांची, त्यांच्यावर ॲसिड हल्ला झालेला, त्यांना पापणी लववता येत नाही अन् बँकेची केवायसी मागत होती डोळे मिचकवा. दुसरी अमर जैन यांची, ते स्वतः अंध वकील. कोर्टानं म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अन् २० निर्देश दिले. त्यात डोळे मिचकवण्याला पर्याय द्या, कागदावरची केवायसी चालू ठेवा, अंगठा स्वीकारा, ठराविक काळानं तपासणी करा, प्रत्येक खात्यानं जबाबदार अधिकारी नेमा असं सगळं आहे. म्हणजे तुमच्या मावसभावाला आज कोणी "मिचकवा नाहीतर होणार नाही" म्हटलं तर त्यानं हा निकाल दाखवावा.

अन् विदर्भाचा अभिमान म्हणून सांगतो, प्रॅक्टो या डॉक्टर-अपॉइंटमेंटच्या ॲपविरुद्ध दिव्यांग मुख्य आयुक्तांकडे तक्रार करणारे राहुल बजाज हे नागपूर विद्यापीठात कायदा शिकलेले, पुढे ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेले, स्वतः अंध. २०२२ मध्ये आयुक्तांनी त्यांच्या बाजूनं आदेश दिला की खाजगी ॲपलाही हा कायदा लागू आहे. कंपनी खाजगी आहे म्हणून सुटका नाही, हे त्यात ठरलं.

---

मास्तरीण_मूल

मी शाळेत आहे, चंद्रपूर जिल्हा. सगळे पैशाचं अन् बँकेचं बोलून राहिले, मुलांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे एक मुलगी आहे, पूर्ण अंध नाही, फोन नाकाला लावून वाचते. ऑनलाईन अर्ज भरताना अक्षर मोठं केलं की "पुढे" चं बटन पडद्याच्या बाहेर जाते, मागं सरकवता येत नाही. म्हणून तिचे अर्ज आम्ही शिक्षक भरतो. ती म्हणते मॅडम मला भरू द्या ना, चुकलं तर चुकलं. आपण भरलेल्या अर्जात तिच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर त्रास तिलाच ना. पूर्ण अंधांचं बोलताना कमी दिसणाऱ्यांचं विसरू नका एवढंच, असे लोक गावोगाव जास्त असतात.

अन् पोरी काय करू शकतात ते आपल्याच इकडं पाहा. वझ्झरला अनाथ-दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी वाढवलेली माला, तिला दिसत नाही, ब्रेलवर शिकली अन् एमपीएससी पास झाली. तिला अभ्यास जमला. आता ऑफिसातलं सॉफ्टवेअर तिला बोलून दाखवते का हे विचारायची जबाबदारी तिची नसावी.

---

पिंट्या_पांढरकवडा

ताई, बटन बाहेर जाते हे माझ्या आजीचंही होते. ती अक्षर मोठंच ठेवते. मंग मले आवाज देते, "पिंट्या, याले शेपूट नाही."

---

सचिव_पतसंस्था

नाव देत नाही. आमची तालुक्याच्या ठिकाणी पतसंस्था आहे, आम्ही मागच्या वर्षी मोबाईल ॲप काढलं, लाख-दीड लाखात एका सॉफ्टवेअरवाल्याकडून. हा धागा वाचून पोटात गोळा आला. आमच्यावरही केस होऊ शकते का? आम्ही कंपनी नाही, सहकारी संस्था आहोत. आमचे सभासद शेतकरी, इतका मोठा खर्च कुठून करणार? काळा कोट साहेबांनी सांगावं.

---

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

सचिव साहेब, कायद्यातली खाजगी आस्थापनेची व्याख्या वाचा, कलम २, त्यात कंपनी, फर्म यासोबत सहकारी अन् इतर संस्था, ट्रस्ट असं सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. तर हो, तुम्हीही त्यात येता. पण गोळा यायचं कारण नाही, उद्याच कोणी नोटीस आणणार नाही. कोडकरी भाऊंना विचारा सुधारायला खरंच किती लागते.

---

कोडकरी_वणी

ॲप पाहिल्याशिवाय आकडा सांगणार नाही. पण छोटं ॲप असेल, बॅलन्स, पासबुक, पैसे पाठवणे, एवढंच, तर बटनांना नावं अन् रकान्यांना लेबलं हे काही महिन्यांचं काम नाही. मुख्य म्हणजे त्या सॉफ्टवेअरवाल्यानं हेच ॲप नाव अन् लोगो बदलून आणखी कितीतरी पतसंस्थांना विकलेलं असणार, हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा सुधारलं की सगळ्यांचं सुधारते. तुम्ही चार-पाच संस्था मिळून बोला, एकट्यानं बोलाल तर तो "पुढच्या व्हर्जनला पाहू" म्हणेल, अन् पुढचं व्हर्जन म्हणजे अधिकमास.

पुढच्या वेळी करारात एक वाक्य टाका : ॲप टॉकबॅकवर चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. दाखवणारा माणूस तुमच्याच सभासदांतला अंध असू द्या, त्याला त्याचा मेहनताना द्या, फुकट राबवू नका.

---

बोंडअळी

मंग अमेरिकेत यवढ्या केशी होऊन बी सुधारलं का नाई, थे सांगा. नाई सुधारलं तं आपण कायले मागं लागाचं?

---

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

प्रश्न रास्त आहे. उत्तर गुळमुळीत आहे. तिथं कोर्टाकोर्टांत एकमत नाही. फ्लोरिडात विन-डिक्सी नावाच्या किराणा दुकानावर अंध माणूस २०१७ मध्ये जिंकला, २०२१ मध्ये वरच्या कोर्टानं फिरवलं की वेबसाईट म्हणजे काही जागा नव्हे, मग त्याच वर्षाअखेर तो निकालही रद्द केला कारण वादच शिळा झाला होता. सरकारनं नियम करायला इतकी वर्षं लावली की राज्य अन् स्थानिक सरकारांच्या साईटसाठीचा स्पष्ट नियम २०२४ मध्ये आला, खाजगींसाठी तर तसा नियम नाहीच. नियम नसला की प्रत्येक गोष्ट कोर्टात जाते, अन् कोर्टात गेली की वकिलाच्या हातात जाते. युरोपनं दुसरा रस्ता धरला, कायदा केला अन् २८ जून २०२५ पासून बँका, ऑनलाईन दुकानं, तिकीट, ई-पुस्तकं यांना लागू केला, तिथं तपासणी सरकारी यंत्रणेकडे. माझं मत, आपल्याकडे तोच रस्ता बरा. वकील असून सांगतोय.

---

ऐकून_वाचतो

मी थोडं वेगळं बोलतो. तपासणी यंत्रणा हवीच, पण यंत्रणा आपणहून हलत नाही, तिला कोणीतरी कागद द्यावा लागतो. अन् तो कागद देणारा बहुतेक वेळा आमच्यातलाच असतो, ज्याला आधीच दिवसभराचं काम इतरांपेक्षा जास्त वेळ घेऊन करावं लागतं. मला लोक म्हणतात तू का तक्रार करत नाहीस. अरे, तक्रारीचा फॉर्म ज्या साईटवर आहे तिथंही कॅप्चा असला तर?

आणखी एक. मदत करणाऱ्या लोकांचा मला राग नाही, सेतूवाले भाऊंसारखे लोक नसते तर आमची कामं पडून राहिली असती. पण मदत मागायची की नाही हे मला ठरवता आलं पाहिजे. माझी बायको डोळस आहे, तिलाही माझ्या खात्याचा पिन माहीत नाही, हे मी मुद्दाम जपलंय अन् तिलाही ते पटतं. दुकानात मात्र अनोळखी पोराला तोच पिन मोठ्यानं सांगावा लागतो. मागं उभ्या माणसानं ऐकला तर पैसे गेल्यावर बँक म्हणणार तुम्हीच पिन सांगितला, आमची जबाबदारी नाही.

---

मास्तरीण_मूल

हे पिनचं मी असं कधी विचारातच घेतलं नव्हतं हो.

---

सेतूवाला_दारव्हा

सगळ्याईचे आभार. मावसभावाले आख्खा धागा ऐकवला, म्हणजे त्यानं स्वतःच ऐकला, मले फक्त लिंक मागितली. त्याचं म्हणणं केस-बिस नंतर, आधी तक्रार करू. काळा कोट साहेब, तक्रार कुठं करायची? वकील लागते का? अन् पुण्याले जावं लागन का, कारण इथून पुण्याले जायचं म्हणजे एक रात्र गाडीत.

---

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

वकील लागत नाही. देशभरच्या ॲप-बँकांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त, राज्याच्या खात्यांसाठी अन् इथल्या संस्थांसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त, ते पुण्यात बसतात. मुख्य आयुक्तांकडे तक्रार पोस्टानं किंवा ईमेलनं चालते, पुण्यालाही ईमेलच करा, उगाच गाडीत रात्र काढू नका. आयुक्तांना कागदपत्र मागवायचे, साक्षीला बोलवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्यानं तीन महिन्यांत करायचं किंवा का करत नाही ते कळवायचं. त्यानंतरही हललं नाही तर आपलं नागपूर खंडपीठ आहेच, तेव्हा मला फोन करा, फीचं बघू.

---

ऐकून_वाचतो

मसुद्यासाठी माझा अनुभव सांगतो. "ॲप चालत नाही" असं लिहू नका, ते उत्तर देतात "आमच्याकडे चालतंय". फोनचं मॉडेल, अँड्रॉईडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, टॉकबॅक चालू होता, अमुक पडद्यावर तमुक बटनाला नाव नाही, कोणतं काम अडलं, सगळं लिहा. स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट करा, टॉकबॅकचा वेग कमी करून, नाहीतर साहेबांना आमचा वेग कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये खाते नंबर अन् ओटीपी येऊ देऊ नका. अन् आधी संस्थेलाच एक पत्र द्या, पोच घ्या. पुष्कळदा पत्रावरच काम होतं, कारण आजपर्यंत कोणी सांगितलेलंच नसतं.

---

बोंडअळी

सेतूवाले भाऊ, पत्र लिवलं की एक कापी मले बी धाडा. माह्या सासऱ्याले काचबिंदू झाला, त्याईचं बी पेन्शनचं मिचकवणं बाकी हाय.

---

सेतूवाला_दारव्हा

आता आली का गाडी रुळावर 😄 पाठवतो काकाजींसाठी. कोडकरी भाऊ, तुम्ही दिवाळीले वणीले येता तेव्हा दारव्ह्याले एक चक्कर माराल का? पोट्ट्यांना टॉकबॅक कसं तपासायचं ते दाखवा, माझ्या दुकानात काम करणाऱ्या दोघांनाही.

---

कोडकरी_वणी

येतो की. पण जेवण सावजी पाहिजे.

---

सचिव_पतसंस्था

सेतूवाले, आपली संस्था अन् तुमचं दुकान एकाच तालुक्यात असावं असा अंदाज आहे, व्यक्तिगत निरोप केला आहे. मावसभावाला सोमवारी घेऊन या, आमचं ॲप त्याच्या फोनवर टाकून पाहू अन् जे अडेल ते तिथल्या तिथं सॉफ्टवेअरवाल्याला स्पीकरवर ऐकवू. फक्त एक ते अडीचमध्ये येऊ नका, त्या वेळी तो फोन उचलत नाही.